रोजची इंग्रजी : मोठे शब्द सोपे, लहान शब्द अवघड

(संस्थेच्या वार्षिक पारितोषिक वितरण समारंभात विद्यार्थी व पालकांपुढे केलेले भाषण)



आज ज्यांना बक्षिसे मिळाली त्यांचे प्रथम मनापासून अभिनंदन. ज्यांना मिळाली नाहीत त्यांचेही अभिनंदन, कारण तेही वर्षभर शाळेत आले आणि परीक्षेला बसले. मला इंग्रजी या विषयावर चार शब्द बोलण्यास सांगितले आहे. इंग्रजी का शिकावी हे मी सांगणार नाही. ते पालकांना माझ्यापेक्षा अधिक चांगले ठाऊक आहे. आपल्याकडच्या कितीतरी घरांतला कर्ता माणूस कुवेत, सौदी किंवा दुबईला राहून आलेला आहे, किंवा आजही तेथे आहे. इंग्रजी येणाऱ्याचा पगार आणि न येणाऱ्याचा पगार यांतला फरक त्याने स्वतः पाहिलेला आहे.

मला बोलायचे आहे ते एका तक्रारीबद्दल. "मुलाला इंग्रजीत चांगले गुण मिळाले, पण मुलाखतीला बसला आणि तोंडातून शब्द फुटेना," असे पालक सांगतात. शिक्षक म्हणतात, "पाठ तर सगळे झाले होते." दोघांचेही खरे असते. मुलगा निबंध लिहितो, पत्र लिहितो, व्याकरणाचे प्रश्न सोडवतो, परंतु "जरा बाजूला सरका", "मला उतरायचे आहे", "पुन्हा एकदा सांगता का?" एवढे साधे बोलणे इंग्रजीत त्याला जमत नाही. हा दोष बुद्धीचा नाही. इंग्रजी भाषेच्या घडणीतच याचे कारण आहे. ते समजावून सांगण्यासाठी मी तुम्हांला पोर्तुगीज बोलणाऱ्या माणसाचे उदाहरण देणार आहे.

पोर्तुगीज का, असे तुम्ही विचाराल. पोर्तुगीज बोलणारी माणसे जगात वीस कोटींहून अधिक आहेत. त्यांतली बहुतेक ब्राझीलमध्ये आहेत, हे खरे. पण पोर्तुगीजांचे एक नाते आपल्या जिल्ह्याशीही आहे. रोह्यावरून वाहत जाणारी आपली कुंडलिका रेवदंड्याच्या खाडीतून समुद्राला मिळते. त्या मुखाशी, खाडीच्या दक्षिणेला, मुरूड तालुक्यात कोर्लई हे गाव आहे. कोर्लईचा किल्ला पुष्कळांनी पाहिलेला असेल. किल्ल्याच्या पायथ्याशी राहणारी ख्रिस्ती मंडळी घरात कोणती भाषा बोलतात, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. ती पोर्तुगीजपासून झालेली भाषा आहे. ते तिला 'नो लिंग' म्हणतात. 'नो लिंग' म्हणजे आपली भाषा.

पोर्तुगीजांनी चौल-रेवदंड्याला १५२१ साली किल्ला बांधावयास घेतला. समोरचा कोर्लईचा डोंगर त्यांनी १५९४ मध्ये अहमदनगरच्या निजामशाहीकडून घेतला. १७४० साली हा सर्व मुलूख मराठ्यांकडे आला आणि पोर्तुगीज अंमलदार व सैनिक निघून गेले. मागे राहिली ती येथलीच गरीब शेतकरी ख्रिस्ती माणसे. राज्य गेले, पण भाषा या माणसांच्या घरात राहिली. आज सुमारे हजारभर माणसे ती बोलतात. जे. क्लॅन्सी क्लेमेंट्स या अमेरिकन अभ्यासकाने १९९६ मध्ये या भाषेवर स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला. या भाषेतले शब्द बव्हंशी पोर्तुगीज आहेत, परंतु वाक्याची ठेवण मराठीसारखी झाली आहे. मूळ पोर्तुगीजमध्ये क्रियापद वाक्याच्या मध्यभागी येते. कोर्लईत ते मराठीप्रमाणे शेवटी जाऊन बसते. म्हणजे 'मी पाणी पितो' याची इंग्रजी करताना क्रियापद उचलून मध्ये आणण्याची कसरत जशी आपल्या मुलाला करावी लागते, तशीच ती कोर्लईच्या मुलालाही करावी लागते. लिस्बनच्या मुलाला ती करावी लागत नाही.

या गावातला माणूस घरात 'नो लिंग' बोलतो, बाजारात मराठी बोलतो, आणि शिक्षण-नोकरीच्या निमित्ताने इंग्रजीशीही त्याची गाठ पडते. एक भाषा आली म्हणून दुसरी सोडावी लागत नाही, याचे उदाहरण आपल्या जिल्ह्यातच आहे. आपल्या घरांतही आजीची कोकणी, शाळेतली उर्दू, एस.टी. स्टँडवरची मराठी अशा तीन भाषा नांदतातच. चौथी आली तर घर लहान पडणार नाही.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. मूळ पोर्तुगीज बोलणारा माणूस इंग्रजी शिकायला बसला की त्याला प्रथम मोठा आनंद होतो. कारण कठीण वाटणारे लांबलचक शब्द त्याला जवळजवळ फुकट मिळतात. त्याच्याकडे 'नासांव' आहे, इंग्रजीत 'नेशन' आहे. त्याच्याकडे 'एदुकासांव', इंग्रजीत 'एज्युकेशन'. शेवटचा 'सांव' काढून 'शन' लावला की शेकडो शब्द तयार. 'सिदाद' म्हणजे 'सिटी', 'युनिव्हेर्सिदाद' म्हणजे 'युनिव्हर्सिटी'. 'इश्तुदांत'चा पुढचा 'इ' काढला की 'स्टुडंट' झाला. 'इश्तादु'चे 'स्टेट' झाले. 'इश्कोला'चे 'स्कूल' झाले. गंमत पाहा, आपले जुने लोक 'इस्कूल' आणि 'इस्टेशन' म्हणतात म्हणून आपण त्यांना हसतो. पण शब्दाच्या आरंभी 'स' ला दुसरे व्यंजन जोडलेले असले की पुढे एक स्वर लावून घेण्याची सवय पोर्तुगीजांना शेकडो वर्षे आहे, आणि त्यांच्या भाषेत तोच शुद्ध उच्चार आहे. तेव्हा जिभेच्या सवयीला हसू नये. सराव करावा, म्हणजे ती सुधारते.

हे शब्द त्याला फुकट का मिळतात? पोर्तुगीज ही लॅटिनची मुलगी आहे. इंग्रजीचा पाया मात्र जर्मन भाषांच्या कुळातला आहे. १०६६ साली फ्रान्समधील नॉर्मंडीच्या सरदारांनी इंग्लंड जिंकले. पुढे दोनतीनशे वर्षे दरबारात, कचेरीत फ्रेंच चालली, आणि विद्येच्या क्षेत्रात लॅटिन होतीच. त्यामुळे इंग्रजीत शब्दांचे दोन थर झाले. न्याय, शिक्षण, राज्यकारभार, शास्त्र यांचे शब्द वरच्या, फ्रेंच-लॅटिन थरातले. खाणे, पिणे, येणे, जाणे, घेणे, ठेवणे, दार, भाकरी, चूल, झोप यांचे शब्द बहुतेक खालच्या, जुन्या थरातले. पोर्तुगीज माणसाला वरचा थर माहेरचा वाटतो, खालचा थर परका.

म्हणून असे होते की, वर्तमानपत्राचा अग्रलेख तो बऱ्यापैकी समजून घेतो आणि स्वयंपाकघरात अडतो. आग विझवणे याला तो 'एक्स्टिंग्विश' म्हणतो, कारण त्याच्या भाषेत 'इश्तिंगिर' आहे. पण शेजारची इंग्रज बाई 'पुट आउट' म्हणते. सहन करणे याला तो 'टॉलरेट' म्हणतो. ती 'पुट अप विथ' म्हणते. पुढे ढकलणे याला ती 'पुट ऑफ' म्हणते. 'पुट' त्याला येतो, 'आउट', 'अप', 'ऑफ' हेही येतात. परंतु दोन एकत्र आले की तिसराच अर्थ निघतो, आणि तो शब्दांच्या अर्थाची बेरीज करून मिळत नाही. मित्रहो, इंग्रजीत मोठे शब्द सोपे आणि लहान शब्द अवघड, ही गोष्ट आपण ध्यानात घेतली पाहिजे.

आपल्या मुलांचे नेमके हेच झाले आहे. लॅटिन आपली कोणी नाही. परंतु शाळेच्या पुस्तकांनी आणि परीक्षेने आपल्याला वरच्या थरातले शब्द दिले. 'अ‍ॅप्लिकेशन', 'पोल्युशन', 'पॉप्युलेशन' आपल्या मुलांना येतात. 'गेट', 'पुट', 'टेक', 'टर्न', 'कीप' यांच्याशी मात्र त्यांची मैत्री झालेली नाही. मुलाखत घेणारे साहेब लहान शब्दांत बोलतात आणि आपला मुलगा मोठ्या शब्दांची वाट पाहत उभा राहतो.

लहान शब्द न येणे ही केवळ लाजेची गोष्ट असती तरी चालले असते. परंतु रोह्याजवळ धाटावला रासायनिक कारखाने आहेत आणि पेणवरून जाणाऱ्या मुंबई-गोवा महामार्गावर टँकर धावतात. यंत्रावर 'टर्न ऑन' आणि 'टर्न ऑफ' लिहिलेले असते. दोहोंत फरक एका इवल्या शब्दाचा, पण तो चुकला तर हात जाईल. टँकरच्या मागे 'इनफ्लेमेबल' असा शब्द दिसतो. शाळेत आपण शिकलो की 'करेक्ट' म्हणजे बरोबर आणि 'इनकरेक्ट' म्हणजे चूक. 'कम्प्लीट' म्हणजे पूर्ण आणि 'इनकम्प्लीट' म्हणजे अपूर्ण. त्या नियमाने एखादा मुलगा म्हणेल की 'इनफ्लेमेबल' म्हणजे पेट न घेणारे. अर्थ अगदी उलट आहे! या शब्दातला 'इन' नकाराचा नव्हे. लॅटिनमधल्या 'पेटवणे' या क्रियापदातच तो आहे. पोर्तुगीज माणूस येथे फसत नाही, कारण त्याच्या भाषेत तोच शब्द त्याच अर्थाने रोज वापरात आहे. इतर लोक फसू शकतात, म्हणून विसाव्या शतकात सुरक्षिततेचे काम करणाऱ्यांनी 'फ्लेमेबल' हा शब्द मुद्दाम रूढ केला. दोन्ही शब्दांचा अर्थ एकच, लवकर पेट घेणारे. मुलांनो, आजच्या भाषणातले दुसरे काही लक्षात राहिले नाही तरी चालेल, एवढे लक्षात ठेवा.

मात्र जेथे पोर्तुगीज माणूस निर्धास्त असतो तेथेच तो कधी कधी फसतो. दोन भाषांतले शब्द दिसायला सारखे आणि अर्थाने भिन्न असले म्हणजे ते खोट्या मित्रासारखे असतात. पोर्तुगीजमध्ये 'पुशार' म्हणजे ओढणे. इंग्रजीत 'पुश' म्हणजे ढकलणे. दुकानाच्या दारावर 'पुश' वाचून तो दार ओढीत उभा राहतो. त्याच्या भाषेत 'पारेंतेश' म्हणजे सगळे नातेवाईक; इंग्रजीत 'पेरेंट्स' म्हणजे फक्त आईबाप. त्याची 'लिव्रारिया' म्हणजे पुस्तकांचे दुकान. इंग्रजी 'लायब्ररी'तून पुस्तक विकत मिळत नाही. 'प्रेतेंदेर' म्हणजे त्याच्याकडे इरादा असणे. इंग्रजीत 'प्रिटेंड' म्हणजे सोंग करणे. "मी डॉक्टर व्हायचा इरादा ठेवतो" असे त्याला सांगायचे असते आणि ऐकणाऱ्याला वाटते, हा डॉक्टर असल्याचे सोंग करतो! पोर्तुगालमध्ये सर्दी झालेल्याला 'कोंश्तिपादु' म्हणतात. त्याच्या सारखा दिसणारा इंग्रजी शब्द बद्धकोष्ठासाठी आहे. डॉक्टरपुढे ही चूक झाली तर औषधच दुसरे मिळायचे.

आपल्याकडेही असे खोटे मित्र आहेत, आणि ते आपण इंग्रजीतूनच घेतलेले आहेत. आपण 'हॉटेलात' चहा प्यायला जातो. इंग्रजाचे हॉटेल राहण्याचे ठिकाण असते. आपण 'बॅटरी' घेऊन अंधारात निघतो. इंग्रज तिला 'टॉर्च' म्हणतो, आणि बॅटरी तिच्या आत असते. आपली 'लाईट' जाते, म्हणजे वीज जाते. आपण वडापाव 'पार्सल' घेतो. त्याचे पार्सल टपालाने येते. हे शब्द मराठीत बोलताना अगदी योग्य आहेत, कारण आता ते मराठी झाले आहेत. इंग्रजी बोलताना मात्र त्यांची पुन्हा एकदा चौकशी केली पाहिजे.

आणखी एक अडचण पोर्तुगीजांची आणि आपली सारखीच आहे. आपल्याकडे एक शब्द असतो, तेथे इंग्रजीत दोन असतात. त्यांचा 'फाझेर' म्हणजे आपले 'करणे'. इंग्रजीत कुठे 'डू' येतो, कुठे 'मेक'. अभ्यास 'डू' करायचा आणि चूक 'मेक' करायची! आपण पैसे उसने देतो आणि उसनेच घेतो. इंग्रजीत देताना 'लेंड' आणि घेताना 'बॉरो'. उर्दूत 'कल' म्हणजे काल आणि उद्याही. इंग्रजीत त्याला दोन शब्द, आणि मराठीतही दोन. पोर्तुगीज माणूस रात्री कोणाच्या घरी गेला की 'बोआ नोइत' म्हणतो आणि निघतानाही तेच म्हणतो. म्हणून इंग्रजाच्या घरी आल्याआल्या तो 'गुड नाइट' म्हणतो आणि यजमानाला वाटते की पाहुणा निघाला. आल्यावर 'गुड ईव्हनिंग' आणि निघताना 'गुड नाइट' अशी इंग्रजांची वाटणी आहे. आपणही निघताना "येतो" म्हणतो. त्याचे शब्दशः 'आय कम' केले तर जाणारा माणूस येतो कसा म्हणतो, हे कोणाला कळणार? तेथे 'सी यू' म्हणावे.

वयाचेच पाहा. पोर्तुगीज माणूस म्हणतो, "माझ्याजवळ वीस वर्षे आहेत." आपण म्हणतो, "मला विसावे वर्ष लागले." इंग्रज म्हणतो, "मी वीस आहे." आपल्याला भूक 'लागते', पोर्तुगिजाजवळ भूक 'असते', आणि इंग्रज स्वतःच भुकेला 'असतो'. तिघांचे पोट एकच, साचे तीन. म्हणून सुटा शब्द पाठ करून उपयोग नाही. साचा पाठ करावा, म्हणजे पुरे वाक्य पाठ करावे.

साच्यात अदबही येते. आपण "पाणी द्या" म्हणतो, उर्दूत "पानी दीजिए" म्हणतो. आदर क्रियापदातच असतो. पोर्तुगीजमध्येही वडीलधाऱ्याशी बोलण्याची रीत वेगळी आहे. इंग्रजीत लहानथोर सर्वांना एकच 'यू'. मग आदर कुठे ठेवायचा? तो लहान शब्दांत ठेवायचा : 'प्लीज', 'कुड', 'मे आय', 'सॉरी', 'एक्स्क्यूज मी'. "गिव्ह मी वॉटर" हे आपल्या "पाणी द्या" चे शब्दशः भाषांतर आहे, पण इंग्रजाच्या कानाला तो हुकूम वाटतो. "कुड आय हॅव सम वॉटर, प्लीज?" म्हटले की तेच बोलणे अदबीचे झाले. आपली मुले घरात अदबीने बोलतात. केवळ हे चार शब्द न आल्यामुळे परक्या ठिकाणी उद्धट ठरतात. हे नुकसान टाळता येण्यासारखे आहे.

शब्दाला शब्द ठेवीत इंग्रजी केली तर काय होते, याचे एक प्रसिद्ध उदाहरण आहे. १८५५ साली पॅरिसमध्ये पोर्तुगीजांना इंग्रजी संभाषण शिकवणारे एक पुस्तक निघाले. त्यावर जुझे द फोन्सेका आणि पेद्रु कारोलिनु अशी दोन नावे होती. फोन्सेका यांचे पोर्तुगीज-फ्रेंच संभाषणाचे चांगले पुस्तक होते. कारोलिनु यांना इंग्रजी जवळजवळ येत नसावी. त्यांनी ते फ्रेंच पुढे ठेवले आणि फ्रेंच-इंग्रजी शब्दकोशातून एकेक शब्द काढून मांडला, असे अभ्यासक मानतात. दारात ताटकळत राहण्याचा एक फ्रेंच वाक्प्रचार आहे; त्याचे इंग्रजीत माकड कुडकुडवून खाणे झाले! १८८३ साली हे पुस्तक लंडनमध्ये आणि अमेरिकेत विनोदी वाङ्मय म्हणून छापले गेले. अमेरिकन आवृत्तीला मार्क ट्वेनने प्रस्तावना लिहिली. जग पोट धरून हसले. पण ज्या गरीब पोर्तुगीज वाचकाने ते खरे समजून, पैसे देऊन, पाठ केले असेल त्याचे काय झाले असेल, याचा विचार कोणी केला नाही. थोड्या दिवसांत इंग्रजी शिकवण्याचे आश्वासन देणारी पुस्तके स्टँडवर आजही मिळतात. ती घेण्यापूर्वी शिक्षकांना दाखवावीत, अशी माझी पालकांना विनंती आहे.

हा प्रश्न आपल्या शेजारी गोव्यातही आला होता. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. पणजीच्या लिसेवमध्ये पोर्तुगीजमधून शिकलेल्या तरुणांच्या पुढे एकाएकी इंग्रजीतून चालणारी कचेरी आली. ते विद्वान होते, कायदा जाणत होते. परंतु रोजच्या कामाची भाषा त्यांना मोठ्या वयात शिकावी लागली. त्यांच्याही आधी कितीतरी गोवेकर मुंबईला येऊन, जहाजांवर किंवा हॉटेलांत नोकरी धरून, कानाने इंग्रजी शिकले होते. तेव्हा वय झाले म्हणून भाषा येत नाही, ही सबब पालकांनी सांगू नये, आणि मातांनी तर मुळीच सांगू नये.

आता घरातल्या भाषेविषयी थोडेसे. काही पालक इंग्रजी यावी म्हणून घरातली भाषा बंद करतात. तसे करू नये. भाषा एकमेकींकडून उसने घेऊनच मोठ्या झाल्या आहेत. आपल्या स्वयंपाकघरात पाहा : पाव, बटाटा, कोबी, परात, बाहेर चावी, बालदी, घमेले, पिंप, उर्दू घरातली अलमारी, महिन्याचा पगार, आणि आपल्या रायगडचा हापूस, जो अफोंसो या नावावरून आला. हे सारे पोर्तुगिजांकडून आले. गोव्यातील आसगावचे विद्वान मोन्सिन्योर सेबाश्तियांव रोदोल्फु दालगादु यांनी आशियातील भाषांत गेलेल्या अशा शब्दांचा कोशच १९१३ साली प्रसिद्ध केला. इंग्रजांनीही आपल्या देशात पोर्तुगीज शब्द उचलले. कचेरीतला 'प्यून', मुले सांभाळणारी 'आया', घरापुढचा 'व्हरांडा' हे त्यांतलेच.

आणि पोर्तुगिजांनी कोणाकडून घेतले? अरबांकडून. इ.स. ७११ नंतर त्यांच्या देशात काही शतके मुसलमानांचे राज्य होते. त्यांची साखर 'आसुकार' म्हणजे अरबी 'सुक्कर'. इंग्रजी 'शुगर' आणि आपली 'साखर' त्याच कुळातली, आणि सर्वांच्या मुळाशी संस्कृत 'शर्करा'. त्यांचा शिंपी 'आल्फायात' म्हणजे अरबी 'अल्-खय्यात'. 'असे होवो' अशा अर्थाने ते आजही 'ओशाला' म्हणतात. तो शब्द 'अल्लाहची इच्छा असेल तर' या अरबी उद्गारापासून आला आहे. एवढा प्रवास करून आलेले शब्द आपल्या ओट्यावर पडलेले असताना, आपली घरची भाषा गावंढळ आहे असे मुलाला वाटू देऊ नका. ज्याला स्वतःच्या भाषेत नीट सांगता येते, त्यालाच दुसऱ्या भाषेत काय सांगायचे ते कळते.

आपल्या मातीतली दोन नावे सांगतो. चिंतामणराव देशमुखांचे बालपण रोह्यात गेले. ते १९१२ च्या मॅट्रिकला पहिले आले, १९४३ मध्ये रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले, आणि त्याच माणसाने कालिदासाचे 'मेघदूत' मराठीत आणले. विनोबा भाव्यांचा जन्म पेण तालुक्यातल्या गागोद्याचा, १८९५ चा. त्यांनी अरबी शिकून कुराण मुळातून वाचले आणि 'कुराण-सार' तयार केले. परक्या भाषेत शिरताना दोघांनीही आपली भाषा दाराबाहेर ठेवली नाही.

शेवटी, करायचे काय? मोठा खर्च नको. मला चार गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पहिली, प्रत्येक विद्यार्थ्याने एक वही करावी आणि तीत सुटे शब्द न लिहिता पुरी वाक्ये लिहावीत, रोज दोन. तिकीट खिडकीवर, दवाखान्यात, बँकेत, कारखान्याच्या फाटकावर जे बोलावे लागते तेच लिहावे. आठवड्याला चौदा झाली, वर्षाला सातशेवर गेली. दुसरी, 'गेट', 'पुट', 'टेक', 'टर्न', 'कीप', 'गिव्ह' यांतला एकेक शब्द महिनाभर घ्यावा आणि तो 'अप', 'ऑफ', 'आउट', 'ऑन' यांच्याबरोबर काय काय करतो ते पाहावे. तिसरी, शाळेने आठवड्यातून एक तास केवळ बोलण्यासाठी ठेवावा. त्या तासाला गुण नाहीत आणि वही नाही. दोघादोघांनी समोरासमोर उभे राहून बोलावे. एक रुग्ण, एक डॉक्टर. एक गिऱ्हाईक, एक दुकानदार.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. त्या तासाला चुकणाऱ्याला कोणी हसायचे नाही. हसण्याने मुलगे गप्प होतात, आणि मुली तर पुन्हा कधी तोंड उघडीत नाहीत. वर्गात शेवटच्या बाकावर बसणाऱ्या मुलीला उत्तर ठाऊक असते. तिला भीती उत्तराची नसते, हसण्याची असते. उद्या हीच मुलगी परिचारिका होईल, बँकेत बसेल, किंवा आपल्या मुलाला इस्पितळात घेऊन जाईल. त्या वेळी तिला मोठे शब्द लागणार नाहीत. "तीन दिवस ताप उतरत नाही" एवढे इंग्रजीत सांगता आले तरी पुरे होईल. ते आज या शाळेत, कोणी न हसता, तिला म्हणता आले पाहिजे. तेवढे आपण केले तर आजची बक्षिसे सार्थकी लागली असे मी समजेन.